गळ्याला दोन बोटं सैल

लोकांचे वडील मागं घर ठेवतात, नाहीतर निदान चांगलं नाव तरी. ताईच्या वडिलांनी मागं ठेवली सूज. दोन मुलं, दोघांच्याही रक्तात उतरलेली. "ही आपली इस्टेट," ते हसत म्हणायचे, "आणि वाटणीवरून तुम्ही कधी भांडणार नाही, दोघांना सारखीच मिळालीय." माणूस गमत्या होता. त्याच इस्टेटीनं एके दिवशी दुपारी त्यांचा गळा आतून बंद केला तेव्हा ताईचं कॉलेज संपत आलं होतं आणि धाकट्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.

आजाराचं नाव लांबलचक होतं आणि ते दोघांपैकी कोणालाच धड उच्चारता येत नसे. व्हायचं ते साधंच. कधी जरा मार लागला, कधी दात काढला, कधी मनाला घोर लागला, आणि कधी काहीही न होता अंगाचा एक भाग फुगायला लागायचा. हात फुगला तर बोटं मिटायची नाहीत. डोळे फुगले तर जग बंद. पोटात आतून सूज आली की लोळायची पाळी. खाज नाही, पुरळ नाही, त्यामुळं साध्या डॉक्टरला पटायचंही नाही, तो आपला अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन टोचायचा आणि त्यानं ढिम्म फरक पडायचा नाही. दोन-तीन दिवसांत सूज आली तशी जायची. पण गळ्यात आली तर ती जाईपर्यंत माणूस थांबेल याची खात्री नव्हती.

वडील गेले ते गप्प पडून राहिले म्हणून. आईला वाटलं, डोळा लागलाय, झोपू दे. तेव्हापासून आईनं घराला एक नियम घालून दिला. ज्याच्या तोंडावर किंवा मानेवर सूज येईल त्यानं बोलत राहायचं, आणि दुसऱ्यानं शेजारी बसून ऐकायचं. काय बोलायचं याला महत्त्व नाही. आवाज जड झाला, घोगरा झाला, तोंडात गरम घास धरल्यासारखा झाला की उठायचं आणि गाडी करून सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. पुढं आई गेली, पण नियम राहिला. ताई आणि छोट्या, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एरवी आठ-आठ दिवस एकमेकांना फोन करत नसत. पण एकाचा गाल फुगला की दुसरा हातातलं काम टाकून हजर. लहानपणीची भांडणं, शाळेतल्या मास्तरांच्या नकला, शेजारणीच्या चुगल्या, सगळं त्या बसण्यातच व्हायचं. या आजारात तिला एकच माणूस होता, आणि एवढा भरवशाचा माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतो असं तिला वाटायचं. वाटायचं म्हणून तर हे सगळं सांगावं लागतंय.

छोट्या आता कानशिलाजवळ पिकला होता आणि त्याचं चष्म्याचं दुकान होतं. ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कारखाना म्हणजे एक लांबट हॉल, भिंतीकडेला शिलाई मशीनं आणि मधोमध तिचं टेबल. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, खडूनं बेतायचं, आणि मग ती मोठी कात्री चालवायची. तिच्या हातची कापणी इतकी नेमकी की शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, मास्तरांनी कापलेलं कापड आपणहून शिवलं जातं. पण जाड कापड दिवसभर कापलं की कधी कधी संध्याकाळपर्यंत उजवा हात पावासारखा फुगायचा, आणि मग दोन दिवस टेबल रिकामं. मालकीणबाई वाईट नव्हत्या. तरी परवाच त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मास्तर, मोठं काम आलंय. आता तुमचा हात मध्येच बसला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आणि एकदा बघितला की त्याला काढता येत नाही." ताईनं मान डोलावली होती. दुसरं ती काय करणार? टेबल गेलं तर तिच्याकडं उरणार होत्या दोन खोल्या आणि सूज.

औषध नव्हतं असं नाही. तरुणपणी तिनं जुन्या गोळ्या घेऊन पाहिल्या होत्या. त्यांनी सूज कमी झाली, पण वरच्या ओठावर लव दाट व्हायला लागली आणि आवाजही बदलायला लागला. छोट्या तेव्हा म्हणाला होता, "ताई, वडिलांची उणीव भरून काढतेयस की काय?" दोघंही पोट धरून हसले. नंतर ती न्हाणीघरात जाऊन रडली आणि गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून तिनं डॉक्टरांचा नाद सोडला. मोठ्या डॉक्टरांकडं छोट्या जायचा आणि परत आला की ती विचारायची, "काय रे, नवीन काही निघालं?" तो म्हणायचा, "नाही गं. आपल्यासारखे आहेत किती, कोण काढतोय आपल्यासाठी औषध!" तेही खरंच वाटायचं.

आणि एक गोष्ट होती, तीच या सगळ्याच्या मुळाशी होती. ताईचं लग्न ठरत आलं होतं तेव्हा वडिलांनी सरळ मनानं मुलाकडच्यांना आजाराची कल्पना दिली. मुलाकडचे चहा अर्धा टाकून उठले. पुढं छोट्याचं ठरायची वेळ आली तेव्हा वडील नव्हते आणि छोट्या शहाणा झाला होता. त्यानं सांगितलं, मला थोडी अ‍ॅलर्जी आहे. वडील? हृदयविकारानं गेले. बहीण? ठणठणीत. मग तो ताईकडं आला आणि तिचा हात धरून म्हणाला, "ताई, एवढं सांभाळ." ताई म्हणाली, "माझं मोडलं ते मोडलं. तुझं नाही मोडू देणार." आणि तिनं ते निभावलं. भावजय दारात आली आणि ताईचा गाल फुगलेला असला की कधी दाढ काढलेली असायची, कधी गांधीलमाशी चावलेली. हात सुजलेला असला की मशीनखाली आलेला. एकदा तर डोळे मिटले होते तेव्हा तिनं चक्क आतून कडी लावून, डोळे आलेत, तुला लागण होईल, असं सांगून भावजयीला जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. भावजय बिचारी दाराबाहेर फळं ठेवून गेली. इतकं सफाईदार खोटं ताई दुसऱ्या कोणासाठी बोलली नसती.

त्या बदल्यात तिनं काय मागितलं? काहीच नाही. उलट छोट्याचे शर्ट तीच शिवायची. दुकानात माणूस गळ्याचं बटण लावून उभा असतो, आणि मान भरायला लागली तर आधी कॉलर आवळते. म्हणून ती त्याच्या प्रत्येक शर्टाचा गळा दोन बोटं सैल बेतायची आणि कफाला एक बटण जास्त लावायची. बघणाऱ्याला वाटावं, ढगळ शिवलाय. तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

तर त्या आठवड्यात, मोठं काम निम्म्यावर आलेलं असताना, सूज आलीच. हातावर नाही आली एवढंच नशीब. सुट्टीच्या दिवशी सकाळी ओठ जड वाटला आणि दुपारपर्यंत दोन्ही डोळे मिटले. तिनं चाचपडत छोट्याला फोन लावला. तो दुकान लवकर बंद करून आला.

"बोल," खुर्ची ओढून तो म्हणाला.

"काय बोलू? डोळ्यांपुढं अंधार आणि समोर तू. नशिबानं एकाच गोष्टीत दया केलीय, तुझं तोंड दिसत नाहीये."

"आवाज ठीक आहे. जिभेला तर काहीच झालेलं नाही," तो म्हणाला.

ती बोलत राहिली. मालकीणबाईंचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं. "या खेपेला हात बसला तर संपलंच बघ. एवढं एक काम पार पडू दे, मग फुगू दे हवं तेवढं." तो हूं हूं करत होता. मध्येच उठून तो आतल्या खोलीत गेला. नळ सोडल्याचा आवाज झाला, आणि त्याआधी एक बारीकसा, कागदामागची पन्नी फुटल्याचा. डोळे मिटले की कान मोठे होतात.

"काय रे, काय घेतलंस?"

"पित्ताची गोळी. बिस्किटं खाऊन घेतली दोन तुझ्या डब्यातली."

तिला वाईट वाटलं. हे आपल्यामुळंच, तिच्या मनात आलं. दुकान सांभाळायचं, घर सांभाळायचं, स्वतःची सूज सोसायची आणि वर बहिणीपाशी येऊन बसायचं. माणसाचं पित्त खवळेल नाही तर काय? "जा तू घरी," ती म्हणाली, "मी भिंतीशी बोलते." तो गेला नाही. सूज ओसरायला लागेपर्यंत बसून राहिला. जाताना त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. तो हात तिला पुढं किती दिवस जाळणार होता, हे तेव्हा तिला कुठून कळणार!

चार-पाच दिवसांनी दुपारी भावजय कारखान्यात आली. हातात मोठी पिशवी, चेहऱ्यावर हसू आवरत नव्हतं. ताई टेबलावर कापड अंथरत होती.

"ताई, ह्यांना सांगू नका हं मी आले म्हणून. गंमत करायचीय." तिनं पिशवी उलटी केली. छोट्याचे सगळे शर्ट टेबलावर पडले. "एवढे गळे जरा लहान करून द्या. आणि कफाचं ते वरचं बटण काढून टाका. अगदी मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखे दिसतात हो. आता बाप व्हायचंय, जरा नीटनेटकं नको का दिसायला?"

ताईला आधी शेवटचंच ऐकू आलं. "म्हणजे?"

भावजयीनं मान खाली घालून होकार दिला. ताईनं कात्री बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं. शिवणाऱ्या बायकांनी मशीनं थांबवून थट्टा सुरू केली. आत्याबाई होणार म्हणून ताईला नकळत रडू आलं. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "गळे राहू देत गं पण. त्याला घट्ट कॉलर सोसत नाही, माहीताय ना तुला."

"ते पूर्वी. आता कुठं अ‍ॅलर्जी राहिलीय? वर्ष होऊन गेलं, एकदासुद्धा सूज नाही. ती कॅप्सूल लागू पडली बघा."

"कसली कॅप्सूल?"

"रोजची हो. संध्याकाळी खाण्यासोबत घेतात ती. तुम्हाला बोलले नाहीत?" भावजय शर्टांच्या घड्या घालत सहजपणे सांगत होती. "त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सुरू केली. आलेली सूज त्यानं उतरत नाही म्हणे, पण ती येतच नाही. फार हुशार आहेत बाई. म्हणाल्या, ही साधी अ‍ॅलर्जी नाही, असे आजार घराण्यात असतात, घरात आणखी कोणाला होत असेल तर लगेच घेऊन या, त्यांनाही देऊ. मीच म्हटलं, छे, कोणी नाही. सासरे हृदयविकारानं गेले, आणि नणंद तर एकदम खणखणीत, दिवसभर कात्री चालवते. तरी त्यांनी ह्यांना परत विचारलं."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाले, नाही, कोणी नाही."

ताईनं टेबलाची कड धरली. हॉलमध्ये मशीनं पुन्हा सुरू झाली होती आणि तिला वाटलं, त्या आवाजात आपण बरोबर ऐकलं नसेल. पण तिनं नीट ऐकलं होतं. वर्षभरात त्यानं तिला एकदाही बसायला बोलावलं नव्हतं, आणि तिनं ते दुकानाच्या गडबडीवर घातलं होतं. तिचे कान गेल्याच रविवारी चांगले तपासून झाले होते. पित्ताची गोळी! तिच्याच घरात, तिच्याच नळाचं पाणी घेऊन, तिच्याच डब्यातल्या बिस्किटांसोबत, तिचे डोळे मिटलेले असताना तो आपलं औषध घेऊन आला आणि परत येऊन म्हणाला, बोल. इस्टेट दोघांची आणि उतारा एकट्याचा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते तिच्याइतकं शब्दशः कोणाच्या वाट्याला आलं असेल?

"काय झालं, ताई? बसता का?"

"काही नाही. शर्ट ठेवून जा. बघते," ताई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय, खोटं आपोआप तोंडाबाहेर पडलं.

ती त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानात गेली. एक गिऱ्हाईक फ्रेमा घालून घालून बघत होतं. छोट्यानं तिला पाहिलं आणि एका नजरेत ओळखलं. चोराच्या मनात चांदणं असतं ते काही उगाच नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो उगाच काच पुसायला लागला.

"पित्त कसं आहे?" ताईनं विचारलं.

"ताई, इथं नको."

"मग कुठं? माझ्या घरी, माझे डोळे मिटल्यावर?"

दुकानभर लहान-मोठे आरसे होते. तो जिकडं मान वळवी तिकडं त्याला ताई दिसत असावी. शेवटी त्यानं मान खालीच घातली. "मी सांगणार होतो."

"कधी? वडिलांशेजारी माझा फोटो लागल्यावर?"

"तसं नाही गं. तुला सांगितलं असतं तर तू त्या बाईंकडं गेली असतीस. त्यांनी दोघांचे धागे जुळवले असते. हिला सगळं कळलं असतं."

"दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवायचंस. या गावात एकच डॉक्टर आहे? नुसतं औषधाचं नाव कानात सांगायचंस. पुढचं मी बघितलं असतं. मी तुला विचारत होते रे! दर वेळी विचारत होते, काही निघालं का, आणि तू माझ्या तोंडाकडं बघून सांगत होतास, आपल्यासाठी कोण काढतंय औषध."

"आणि तुला बरं वाटायला लागलं असतं, आणि एक दिवस आनंदाच्या भरात तू हिच्याजवळ बोलून गेली असतीस, मग?"

जी जीभ याच्यासाठी इतकी वर्षं दाढा आणि गांधीलमाश्या रचत आली, त्या जिभेचाच याला भरवसा नव्हता. राग तिला आधीपासून होता, पण आता त्याखाली काहीतरी तुटलं आणि तिला ते स्पष्ट जाणवलं.

"मी मरू शकले असते, छोट्या."

"म्हणून तर येऊन बसत होतो ना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "रोज वाटायचं सांगू. मग वाटायचं, पुढच्या महिन्यात सांगू. तू खंबीर आहेस, ताई. तुला सवय झालीय त्याची. मला पहिल्यापासूनच नाही जमलं ते."

सवय! ताई वळून दाराबाहेर पडली. तो धावत पायरीपर्यंत आला. "ताई, ऐक. तिला दिवस गेलेत. मूल होईपर्यंत तरी गप्प राहा. एवढं एकदा सांभाळ." तेच शब्द, तोच स्वर, आणि हात पुढं केलेला. या खेपेला तिनं तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गणवेशाच्या अख्ख्या थराच्या बाह्या डाव्याच कापल्या. एवढ्या वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग तिचा चेहरा बघून मशीनवर वाकल्या. मालकीणबाईंनी डाव्या बाह्यांचा तो गठ्ठा स्वतः उचलून बाजूला ठेवला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. हाताच्या सुजेनं जे झालं नव्हतं ते आता मनाच्या घोरानं होणार, टेबल जाणार, हे ताईला दिसत होतं. घोर लागला की सूज येते, हेही तिला ठाऊक होतं. औषध त्याच गावात, हाकेच्या अंतरावर होतं. दुसरा डॉक्टर गाठून ते चोरून घ्यायचं तर पुन्हा खोटंच रचावं लागणार होतं, आणि ते आता तिला नको होतं. सरळ जायचं तर एकच वाट होती, आणि त्या वाटेत भावजय उभी होती.

शर्ट न्यायला भावजय आली तेव्हा ताईनं तिला हॉलमागच्या खोलीत नेलं. तिथं कापडाचे तागे उभे करून ठेवलेले असत. एका बाकावर तिला बसवून ताईनं सगळं सांगितलं. वडिलांचं, आपलं, दाढेचं, गांधीलमाशीचं, आतून लावलेल्या कडीचं. सांगताना तिला मनातून वाटत होतं की ही आता आपल्या गळ्यात पडेल. आपण दोघीही एकाच माणसाकडून फसलो आहोत, मग दोघी मिळून रडू. हे वाटणं तिनं स्वतःशी कबूलही केलं नव्हतं, पण तिचा सगळा धीर त्याच्यावर उभा होता.

भावजयीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं पोटावर हात ठेवला. "ह्याला?"

"असू शकतं. नसूही शकतं. अर्धं-अर्धं," ताई म्हणाली.

"ह्यांनी लपवलं. नवरा आहे, भ्याला. मी सोडून जाईन असं वाटलं असेल," भावजय सावकाश म्हणाली. "तुम्हाला कसली भीती होती, ताई? मी तुमच्यासाठी दाराबाहेर फळं ठेवून गेले होते."

"त्याच्यासाठी केलं गं. त्याचं मोडू नये म्हणून."

"म्हणजे माझं काय होईल ते चालणार होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ताईला सोपं गेलं असतं. "त्या बाईंसमोर मी छाती ठोकून सांगितलं, माझी नणंद खणखणीत आहे. तुमच्या औषधाला मीच आडवी आले, आणि मला कोणी कळूही दिलं नाही."

हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. भावानं नुसतं नाही म्हटलं होतं, पण त्याच्या आधी ही म्हणाली होती, मनापासून, आणि म्हणूनच डॉक्टरीणबाईंना ते खरं वाटलं होतं. हिला इतकं मनापासून बोलता यावं याची सगळी तयारी ताईनं स्वतः, निगुतीनं, वर्षानुवर्षं करून दिली होती.

"केव्हा जाताय त्यांच्याकडं?" भावजय उठली. "मी येते. तुमच्यासाठी नाही येत. मला माझ्या मुलाचं विचारायचंय."

हॉस्पिटलच्या बाकावर त्या दोघी शेजारी बसल्या, मध्ये भावजयीची पर्स. ताईनं एकदा पाणी हवं का विचारलं, तिनं नको म्हणून मान हलवली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी ताईची सगळी हकीकत ऐकली, मान आणि हात तपासले, रक्त काढायला सांगितलं, आणि मग चष्म्यावरून भावजयीकडं पाहिलं.

"तुम्ही आला होतात ना मागं यजमानांबरोबर? मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. घरात कोणी नाही म्हणालात."

"मला तसंच सांगितलं होतं."

"कोणी?"

ताई वाट बघत होती. भावजय 'ह्यांनी' म्हणेल, आणि निदान या खोलीत तरी गुन्हेगार एकच राहील.

"घरच्यांनी," भावजय म्हणाली.

भावाच्या दुकानात जेवढा राग आला होता तेवढीच आता ताईला लाज वाटली, आणि राग त्यानं तसूभरही कमी झाला नाही. दोन्ही एकदम सोसायचं कसं हे तिला कळेना. डॉक्टरीणबाई भावजयीला समजावत होत्या, मूल झालं की तपासता येईल, आता औषधं आहेत, घाबरण्याचे दिवस गेले, फक्त लपवू नका. भावजयीनं दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकून घेतली आणि पर्स काखेला लावली.

मग डॉक्टरीणबाई ताईकडं वळल्या. तपासणीचा निकाल आला की लगेच सुरू करू. रोज एक कॅप्सूल, खाण्यासोबत, चुकवायची नाही. आलेली सूज तिनं उतरणार नाही, म्हणून गळ्याला काही वाटलं तर वाट न बघता इथं यायचं. हात बराच सांभाळला जाईल, काम सोडायची गरज पडू नये. ताईनं ते सगळं ऐकलं. इतकी वर्षं हेच ऐकायला ती आसुसली होती, आणि आता शब्द कानावर पडत होते आणि आनंद काही होत नव्हता.

"सुरुवातीचे काही महिने रोज कोणीतरी तुमची चौकशी करायला हवी," डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "फोन लावला की धावत येईल असं. घरचं कोण आहे तुमचं?"

ताईच्या ओठांवर भावाचं नाव आलं आणि तिथंच अडकलं. शेजारची खुर्ची मागं सरकली. भावजय उठून, दार हळूच ओढून घेऊन, बाहेर निघून गेली. डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या होत्या.